पाण्याचा वाटा

मधू गेल्याची बातमी मला फुलांच्या पाटीबरोबर मिळाली. निर्मळचा पांडू रोज सकाळी वाडीतली फुलं घेऊन दादरच्या बाजारात येतो आणि जाता जाता देवपूजेपुरती फुलं आमच्या दारात ठेवतो. त्या दिवशी त्यानं कडी वाजवली. एरवी तो कडी वाजवत नाही. दार उघडलं तर पाटी खाली ठेवून उभा. "दत्तूभाऊ, मधूभाऊ गेले. परवा सांजचे. तुमाला कळवायला कोन नव्हता, मीच काल आलो नाय." मी काय बोललो असेन? "पण कावीळ उतरली होती ना?" असं म्हणालो. कुणीतरी आकडा चुकीचा सांगितल्यासारखा मी त्याच्याशी वाद घालत होतो. तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "उतरली होती. परत चढली." मग त्यानं चाफ्याची पुडी माझ्या हातात दिली, पाटी उचलली आणि तो गेला. बाजार त्याच्यासाठी थांबणार नव्हता.

आता लिहायलाच बसलो आहे तर हेही लिहितो. दार लावल्यावर मला रडू आलं नाही. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. आता मधूच्या डोळ्याला डोळा देण्याची वेळ पुन्हा येणार नाही, असं ते सुटणं होतं. ते कळल्यावर मात्र खुर्चीवर बसून राहिलो आणि कामावर गेलो नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी मागितली आहे ती मित्राची आठवण. बाग सोडून विज्ञानाकडे गेलेला आणि पुन्हा बागेत परतलेला एक बुद्धिमान माणूस, असं त्यांच्या मनात आहे. ते सगळं खरं आहे. पण तो बागेत का परतला, ते सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता येत नाही.

मधू निर्मळचा, मी बोळिंजचा. विरार स्टेशनवर उतरून पश्चिमेला निघालं की आधी माझं गाव लागतं आणि मग त्याचं. दोघांच्याही घरी केळीची वाडी, दोघंही मुंबईला रसायनशास्त्र शिकलेले, आणि लढाई संपल्यानंतरच्या वर्षांत दोघांनाही एकाच तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. आठवडाभर मुंबईत एका खोलीत राहायचं आणि शनिवारी घर गाठायचं. स्टेशनाबाहेर आमच्या सायकली ओळखीच्या वाण्याकडे ठेवलेल्या असत. बोळिंजला मी वळायचो, पण पुष्कळदा वळायचोच नाही, त्याच्याबरोबर सरळ निर्मळला जायचो. कारण हिवाळा सरता सरता त्याच्या अंगणात सुकेळी घातलेली असत.

ज्यांना सुकेळी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. राजेळी केळी पिकवून, सोलून, बांबूच्या ताट्यांवर उन्हात वाळवतात. रोज उलटायची, संध्याकाळी झाकायची, सकाळी पुन्हा उघडायची. आठवडाभरात मोठं केळं बोटाएवढं होतं, मधासारखा रंग धरतं, आणि मग केळीच्याच सुक्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीत, त्याची पुडी बांधतात. सगळी कसरत ओल ओळखण्याची. जरा आधी बांधलं की आतून आंबतं, फार थांबलं की चामडं होतं. मधूची आई ताटीजवळ बसून एकेक सुकेळं अंगठ्यानं दाबून बघायची. आम्ही आशाळभूतपणे हात पुढे केला की म्हणायची, "ओल हाय अजून. अटे बस गप. उद्या उलटू, मंग बघू." मधूनं ती खोड उचलली होती. दोरीवरचा सदरा, वर्तमानपत्राचा कागद, पोळी, काहीही हातात आलं की त्याचा अंगठा आधी ओल तपासायचा. मी त्याला चिडवायचो, "लग्नात मुलीचा हातही असाच बघशील." सुमतीवहिनींचा हात त्यानं खरंच तसा पाहिला की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

प्रयोगशाळेतलं आमचं काम सुकेळ्यांपेक्षा फार वेगळं नव्हतं, असं मधूच म्हणायचा. विहिरीच्या तळाशी, हजारो फूट खाली, तेल काळं आणि दाट असतं, पण त्याच्या पोटात वायू विरघळलेला असतो, सोड्याच्या बाटलीत असतो तसा. वरच्या खडकाचं ओझं असेपर्यंत तो आत गप्प असतो. तेल वर येऊ लागलं, दाब उतरू लागला, की एका ठिकाणी पहिला बुडबुडा फुटतो. मग वायू सुटत जातो आणि तेल आक्रसत जातं. जमिनीखाली भरलेलं पिंप वर येईपर्यंत भरलेलं राहत नाही. तेव्हा कोणत्या दाबाला तेलात किती वायू राहतो, तेल किती फुगलेलं असतं, किती दाट असतं, याचं एक कोष्टक करावं लागतं. त्या कोष्टकावरून विहिरीवरचे इंजिनियर खाली किती तेल आहे, ते किती वेगानं काढावं, याचा हिशोब मांडतात. कोष्टक चुकलं की विहिरीचा हिशोब चुकला.

आसामातून पोलादी बाटलीत कोंडलेला तेलाचा नमुना यायचा. आम्ही तो जाड काचेची खिडकी असलेल्या कुपीत घ्यायचो, विहिरीच्या तळाइतका तापवायचो, आणि पाऱ्याच्या जोरानं त्याच्यावर दाब द्यायचो. मग दाब पायरी पायरीनं उतरवायचा. प्रत्येक पायरीला कुपी हलवायची आणि थांबायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं. घाई केली तर वायू तेलातच रेंगाळतो आणि आकडा खोटा येतो. मधूइतका थांबणारा माणूस मी पाहिला नाही. खिडकीला डोळा लावून तो बसायचा, मी शेजारी आकडेमोडीच्या यंत्राचा दांडा फिरवत असायचो, आणि पहिला बुडबुडा दिसला की तो हळूच म्हणायचा, "आला रे." एवढंच. घरात पाहुणा आल्यासारखं. पुढचे आकडे घेताना आम्ही दोघंही न बोलता काम करायचो. ती माझ्या नोकरीतली सगळ्यांत चांगली वर्षं होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

नवा विभाग निघणार अशी कुणकुण लागली तेव्हा गोरे साहेब जाऊन देशी साहेब आले होते. आमचे मोठे साहेब देशावरचे, हुशार, जिभेला धार असलेले. फक्त या कोष्टकांसाठी वेगळा विभाग होणार आणि त्याचा प्रमुख आमच्यातलाच एक होणार. जागा एकच. सगळे धरून चालले होते की ती मधूची. मीही धरून चाललो होतो. तोंडानं तसं म्हणतही होतो.

त्याच सुमाराला एका नव्या विहिरीचा नमुना आला. सुटलेला वायू आम्ही नेहमी पाऱ्यावर धरून मोजत असू. त्या खेपेला पारा कमी पडला, म्हणून पाण्यावर उलटी धरलेली मोठी काचेची नळी वापरायचं ठरलं. नळी मीच जोडून दिली. मधूनं नेहमीच्या सबुरीनं सगळे आकडे घेतले. कोष्टक तयार झालं, आलेख काढला, आणि तो इतका सुरेख आला की एकही ठिपका रेषेबाहेर नव्हता. मधूनं त्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "बघ, आयेनं पाहिलं असतं तर बांधून टाक म्हणाली असती."

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. पडताळा म्हणून मी वजनाचा हिशोब मांडला होता. उरलेलं तेल आणि सुटलेला वायू यांचं वजन मिळून मूळ नमुन्याइतकं व्हायला हवं. ते थोडं जास्त भरत होतं. कुठून, ते कळेना. यंत्राचा दांडा फिरवून फिरवून माझा खांदा दुखायला लागला.

आषाढातला दिवस होता. कोष्टकावर सही करायला साहेबांनी दुपारी सगळ्यांना बोलावलं होतं. त्याआधी आम्ही दोघं जेवायला बसलो. डब्यात मीठ कमी होतं म्हणून मधूनं टेबलावरची मिठाची बाटली उचलली. ती हलवली, आपटली, मीठ काही पडेना. त्यानं झाकण काढून बोट घातलं, अंगठ्यानं चोळलं आणि हसला. "बघ की. आपल्या हवेत मीठसुद्धा पाणी धरून बसतं." माझा घास हातातच राहिला. पाण्यावर धरलेल्या वायूत पाण्याची वाफ मिसळते. नळीत जेवढा वायू दिसतो, त्यातला काही वाटा पाण्याचा असतो, तो वजा करावा लागतो. थंड देशात तो नगण्य, आपल्या दमट उकाड्यात शंभरात चारेक भाग. तो वजा झालाच नव्हता. प्रत्येक ओळीत तेवढीच चूक, म्हणून तर आलेख इतका सुरेख आला होता! ओलीत जन्मलेली आम्ही दोन माणसं, आणि ओल ही काही वेगळी धरायची गोष्ट आहे हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मधू समोर बसला होता. मीठ भातात कालवत होता. "मधू, अरे, पाणी," एवढंच म्हणायचं होतं मला. तो ताडकन उठला असता, साहेबांकडे स्वतः गेला असता, आणि संध्याकाळपर्यंत कोष्टक दुरुस्त झालं असतं. मी घास तोंडात घातला. चावला. तो पावसाबद्दल, निर्मळच्या तळ्याबद्दल, वहिनींच्या डोहाळ्यांबद्दल बोलत होता आणि मी हुं हुं करत होतो. तो शोध मला माझा हवा होता. आणि तो साहेबांसमोर माझा हवा होता.

दुपारी साहेबांनी पेन काढलं तेव्हा मी म्हणालो, "साहेब, या वायूत पाणी आहे." सगळं नीट समजावून दिलं. मधूनं कोष्टक जवळ ओढलं, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. चूक माझी आहे." नळी जोडणारा मी होतो हे त्याला आठवलं नसेल असं नाही. साहेब त्याला म्हणाले, "तुम्ही कोकणातले ना? पाण्यात राहता आणि पाणीच दिसत नाही तुम्हाला?" काहीजण हसले. मी हसलो नाही, पण त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला ठाऊक नाही.

त्याला कुणी काढलं नाही. पण त्याची जुनी कोष्टकं तपासायचा हुकूम निघाला आणि तोवर त्याला खिडकीपासून उठवून रॉकेलच्या रोजच्या तपासणीवर बसवलं. जुनी कोष्टकं तपासायला मलाच दिली. ती पाऱ्यावरची होती, एकूण एक बिनचूक निघाली. तसं मी एका कागदावर लिहिलं आणि साहेबांच्या टेबलावर इतर कागदांत ठेवून आलो. चूक सांगितली ती चारचौघांत, खड्या आवाजात. ती एकुलती एक चूक होती, हे सांगितलं कागदावर. तो कागद कुणी वाचला की नाही, मी चौकशी केली नाही. विभाग माझ्याकडे आला होता.

वर्षभरानं मधूनं राजीनामा दिला. आईचे डोळे गेले, वाडी बघायला कुणी नाही, असं कारण सांगितलं. कारण खरंच होतं. म्हणूनच तर ते सगळ्यांना पटलं.

त्यानंतर मी निर्मळला जात राहिलो, पण दर शनिवारचं जाणं आता सणासुदीपुरतं उरलं. वाडीत तो खूश दिसायचा. फुलं, केळी, भाजी, सगळ्यात त्याचा हात होता. आगाशी-अर्नाळ्यापर्यंतची माणसं पाण्याच्या, खताच्या शंका घेऊन त्याच्याकडे यायची. "काय बिघडलं? उलट बरंच झालं," असं मला अनेकांनी सांगितलं. घरी बायको म्हणते, "तुम्ही खरं तेच बोललात ना? चुकीचं कोष्टक गेलं असतं तर?" कचेरीतले म्हणतात, कर्तव्य केलंत. माझ्या या अपराधाला गिऱ्हाईकच मिळत नाही. एकदा अंगणात सुकेळी उलटत असताना मी मधूलाच म्हणालो, "त्या दिवशी मी…" त्यानं मला पुढं बोलूच दिलं नाही. "चूक होती, तू काढलीस. ती काढायलाच हवी होती. हे धर, त्या टोकाची उलट." मी उलटली. वाटलं, त्याला जेवणाच्या वेळचं ठाऊक नाही. ठाऊक नाही तर सांगून त्याला का दुखवा, अशी स्वतःची समजूत घातली. पुढं दरवर्षी तो माझ्यासाठी एक पुडी बाजूला काढून ठेवायचा आणि मी ती घेऊन यायचो.

दहाव्याला गेलो. तळ्याकाठचे विधी आटोपून घरी आलो तर मधूची आई ओटीवर बसली होती. तिला दिसत नाही. माझा हात हातात घेऊन तिनं अंगठ्यानं दाबून पाहिला आणि म्हणाली, "दत्तू का रे? बस." मग रडली. वहिनी आतून आल्या. डोळे कोरडे होते. आल्यागेल्यांना त्या मधूच्या गोष्टी सांगत होत्या, आणि मला पाहून शेजारणीला म्हणाल्या, "हेच ते. आमचे हे नेहमी सांगायचे, दत्तू कसला हुशार! जेवता जेवता मिठाची बाटली बघितली आन त्याला सगला हिशोब कळला. घास हातात तसाच राहिला त्याचा." शेजारीण कौतुकानं माझ्याकडे बघायला लागली.

म्हणजे मधूनं पाहिलं होतं. माझा घास थांबलेला त्याला दिसला होता. दुपारी मी बोललो तेव्हाच त्याला सगळं उमगलं असणार. आणि तो ही गोष्ट घरी, बायकामुलांत, माझ्या हुशारीची गोष्ट म्हणून सांगत राहिला होता… मला तिथे बसवेना. निघताना वहिनींनी एक पुडी हातात दिली. "तुमच्यासाठी बांधून ठेवली होती त्यांनी. आजारातच बांधली, ऐकेचनात."

पुडी चार-पाच दिवस तशीच फडताळात राहिली. उघडली तेव्हा आंबूस वास आला. वरची दोन-तीन बरी होती, मधली लिबलिबीत, एकावर पांढरी बुरशी. अंगठ्यानं दाबलं. ओल होती. मधूनं बांधलेल्या पुडीत ओल! बायको म्हणाली, "टाकून द्या." मी खराब तेवढी काढली आणि उरलेली सुपात पसरून गच्चीत उन्हाला ठेवली. आणि ठरवलं की हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. पांडूनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "वैनींनी विचारलंय, सुकेळी कशी हायत?" मी म्हणालो, "उत्तम आहेत म्हणून सांग." आयुष्यात जाणूनबुजून दिलेला माझा हा पहिला खोटा निकाल.

पण मग हा लेख लिहायला बसलो, आणि लिहिता लिहिता सुकेळी त्यात आलीच. ती आली तसा मी थांबलो. मधूची ओल मी दुसऱ्यांदा चारचौघांत मांडत होतो, तीही तो उत्तर द्यायला नसताना. कागद तसेच ठेवले आणि रविवारी निर्मळला गेलो. या वेळी तरी आधी घरात सांगावं म्हटलं. वहिनी अंगणात रिकाम्या ताट्या धूत होत्या. मी चाचरत म्हणालो, "वहिनी, ती पुडी… जरा ओली होती."

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "म्हाईत हाय. बांधताना मीच दोरी धरली होती. शेवटी शेवटी त्यांच्या अंगठ्याला ओल कळतच नव्हती, भावजी. दाबून बघायचे आन म्हनायचे, सुकली. मी दाबून बघितली. ओली होती. पन कसं म्हनू त्यांना? मी बोललेच नाय." थोड्या वेळानं त्यांनी ताटी कुडाला टेकवून उभी केली आणि पदराला हात पुसले.

आम्ही दोघंही मधूच्या समोर गप्प बसलो होतो. त्या त्याच्यासाठी, मी माझ्यासाठी.

मी कागदांबद्दल सांगितलं. म्हणालो, तुम्ही म्हणाल तर सुकेळ्यांचं काढून टाकतो. वहिनींनी माझ्याकडे सरळ पाहिलं. दहाव्याच्या दिवशी शेजारणीला गोष्ट सांगताना त्यांना नक्की काय ठाऊक होतं, ते मला तेव्हा कळलं.

"सुकेळ्यांचं लिवायचं तं लिवा," त्या म्हणाल्या. "पन मंग मिठाचं पन लिवा."

ते लिहिलं आहे. गच्चीतल्या सुपात अजून थोडी सुकेळी उरली आहेत. रोज कचेरीतून आलो की आधी तिकडे जातो, एकेक उलटतो, अंगठ्यानं दाबून बघतो. आजही बघितली. ओल आहे अजून.